तळव्यावरची मोकळी जागा

कोल्हापुरी चपलेचा तळ शिवून झाला, की टाचेच्या थोडी पुढे दोन बोटे रुंदीची एक जागा कारागीर मोकळी सोडतो. तिथे टाक्यांची ओळ येत नाही, नक्षीही येत नाही. ती जागा दुकानदाराच्या नावाच्या ठशासाठी असते. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत दाराशी पातेल्यात कातड्याचे तुकडे भिजत घातलेले होते आणि खिडकीखाली बसून पन्नाशीचे एक गृहस्थ रापीने, म्हणजे कातडे कापायच्या पात्याने, तळ कापत होते. ही मोकळी जागा मी पहिल्यांदा नीट पाहिली ती तिथे.

त्यांच्या पुढ्यात एक जोडी ठेवलेली होती. नेहमीचे रुंद कान, म्हणजे तळाच्या बाजूंना लावायचे कातडी तुकडे, काढून त्यांनी दोन्ही बाजूंना अरुंद, आतल्या अंगाला किंचित वळवलेले कान लावले होते. अंगठ्यापासून निघणारी वेणी सरळ न घेता तिरकी घेतली होती, आणि टाचेखालचा एक थर कमी करून चप्पल हलकी केली होती. हे कुठे पाहिले, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘पाहायचे कुठे? पोरगी दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर उभी असते. तिचा पाय समोर होता.’’ या घडणीच्या आठ जोड्या त्यांनी एका व्यापाऱ्याकडे दिल्या होत्या. पुढच्या हंगामात तीच तिरकी वेणी आणि तेच वळवलेले कान त्यांनी बाजारात पाहिले, पण रेक्झिनमध्ये, यंत्रावर दाबलेले आणि निम्म्या भावात. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ‘‘नमुना एकदा दुकानात गेला, की तो दुकानाचा,’’ एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा रापीला लागले.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ज्या माणसाने पाय पाहिला, अडचण ओळखली, त्यावर कातड्यात उत्तर शोधले आणि ते हाताने घडवून दाखवले, त्याला आपण ‘कारागीर’ म्हणतो. तेच काम मुंबईच्या काळा घोडा भागातल्या काचेच्या दालनात कुणी केले, तर त्याला आपण ‘डिझायनर’ म्हणतो, त्याची मुलाखत छापतो आणि त्याच्या नावावर दाम मोजतो. दोघांच्या कामात प्रतीचा फरक नाही. फरक आहे तो दुकानाचा. एकाच्या कामावर पाटी आहे, दुसऱ्याच्या कामाला पाटीच नाही. माझे म्हणणे असे, की कोल्हापूरला स्वतःला कलानगरी म्हणवून घ्यायचे असेल, तर चप्पल घडवणाऱ्याला शहराच्या भर रस्त्यावर स्वतःच्या नावाने बसता आले पाहिजे, आणि तशी जागा उभी करणे हे महापालिकेचे आणि राज्य सरकारचे काम आहे. ही मेहेरबानी नव्हे. रस्ता, पाणी आणि नाट्यगृह यांच्याइतकीच ती सार्वजनिक गरज आहे.

गेल्या वर्षी या चपलेवर भरपूर बोलून झाले. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात जी पादत्राणे पुरुष-मॉडेलांच्या पायांत घातली, ती कोल्हापुरीच्या वळणाची होती आणि सुरुवातीला त्यांचा उल्लेख नुसता चामडी सँडल असा झाला. महाराष्ट्रात संताप उसळला, तो योग्यच होता. कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून या पादत्राणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून आल्याचे मान्य केले, जुलैत तिचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २,००० जोड्या याच भागात बनवून घ्यायच्या, कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे आणि जोडी साधारण ८०० युरोंना, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर विकायची, असे जाहीर झाले. हे घडले ते चांगलेच झाले. कोल्हापूरच्या हाताला कुणी एवढे दाम लावत असेल, तर त्याचा आनंद मानायला कचरू नये.

पण त्या सगळ्या दिवसांत मी एक गोष्ट शोधत होतो, आणि ती मला सापडली नाही. मिलानने कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपण पेटून उठलो. कोल्हापूरच्या दुकानात चप्पल घडवणाऱ्याचे नाव कधी घेतले जात होते? अंबाबाईचे दर्शन घेऊन चालत चप्पल लाईनला जावे, हा लाखो भाविकांचा शिरस्ता आहे. मीही लहानपणापासून तिथून चपला घेत आलो. या चाळीस वर्षांत ‘ही कुणी शिवली’ असे मी एकदाही विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी उत्तर मिळाले असते असे वाटत नाही. जी दाद आपण परक्या कंपनीकडून मागितली, ती आपल्याच बाजारात देण्याची सवय आपल्याला नाही. व्यापाऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्यातल्या अनेकांच्या घरीच पिढ्यान्‌पिढ्या चप्पल बनते, आणि त्यांनीच हा माल मुंबई-पुण्यापर्यंत नेला. दोष रचनेत आहे. विकायची जागा आणि घडवायची जागा यांच्यात आपण इतके अंतर पाडले आहे, की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना घडवणारा दिसतच नाही.

या अंतराला कायद्यानेही हातभार लावला आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. अथणी आणि निपाणीकडे होणारे काम पाहिलेल्या कुणालाही ही वाटणी न्यायाची वाटेल, कारण राज्यांची सीमा रेखली जाण्याच्या कितीतरी आधीपासून ही चप्पल दोन्हीकडे शिवली जात होती. मानांकनाची मालकी दोन्ही राज्यांच्या महामंडळांकडे आहे. म्हणूनच प्रादाविरुद्ध काही वकिलांनी केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली: ज्यांच्या नावे नोंदणी आहे त्यांनी दाद मागावी, असा न्यायालयाचा मुद्दा होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मानांकन जपते ते नाव. ‘कोल्हापुरी’ हे नाव न वापरता कुणी तसाच आकार विकला, तर मानांकन फारसे काही करू शकत नाही.

आकार जपायला वेगळा कायदा आहे, तो म्हणजे डिझाइन कायदा, २०००. त्याखाली नव्या आकाराची नोंदणी करता येते, आधी दहा वर्षे आणि मग आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मुख्य अट अशी: आकार नवा हवा आणि नोंदणीपूर्वी तो बाजारात आलेला नसावा. पारंपरिक कोल्हापुरी या अटीत बसत नाही, कारण ती नवी नाही, आणि बसूही नये, कारण ती सर्वांची आहे. पण सुभाषनगरातली ती तिरकी वेणी आणि ते वळवलेले कान? त्या नव्या होत्या, त्या एका माणसाच्या डोक्यातून आल्या होत्या, आणि व्यापाऱ्याच्या हातात जाण्याआधी त्यांची नोंदणी करून बघता आली असती. त्या गृहस्थांना हे कुणी कधी सांगितले नाही. परंपरा जपायला शासनाचे महामंडळ आहे, दिल्लीत कायदा आहे, मानांकनाचा शिक्का आहे. परंपरेत राहून कुणी नवे काही केले, तर त्याच्या पाठीशी कुणी नाही. मग आपण हळहळतो, की पोरे या धंद्यात येत नाहीत. कशाला येतील? ज्या धंद्यात नवे करणाऱ्याचे नाव सहा महिन्यांत पुसले जाते, तिथे हुशार मुलगा थांबत नाही.

नवे करणे म्हणजे काय, तेही सांगायला हवे, कारण चप्पल शिवणे हे आपल्याला नुसते हातकाम वाटते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कित्येक आठवडे मुरवलेले म्हशीचे कातडे पुढ्यात आले, की जाणकार आधी त्यावरून हात फिरवतो. पाठीचा भाग घट्ट, तो तळाला जातो. पोटाकडचा भाग सैल, तो ताणला जातो, तो तळाला लावला तर महिन्याभरात चप्पल पसरते. पट्टा कापताना कातडे कुठल्या अंगाने ताणते ते पाहून रापी चालवावी लागते, नाहीतर एक पाय ढिला आणि दुसरा घट्ट होतो. कानांची जागा अर्ध्या बोटाने चुकली, तर टाच बाहेर घसरते. हे सारे खिळ्याशिवाय, चामड्याच्या वादीने बांधायचे असते. पट्ट्यावरची बारीक वेणी बहुतेक घरांत बायका घालतात, घरची कामे उरकून, नगावर मिळणाऱ्या मजुरीने, आणि या साखळीत सर्वांत कमी पैसे आणि सर्वांत कमी नाव त्यांच्याच वाट्याला येते. ‘कारागीर’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो, ही आपल्या दृष्टीतली आणखी एक मोकळी जागा.

त्या खोलीत घडलेली एक छोटी गोष्ट मला विसरता येत नाही. उठताना मी दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या चपला पायांत घालू लागलो, तेव्हा त्यांनी एक चप्पल हातात घेतली, उलटी केली आणि टाचेची बाहेरची कड कशी झिजली आहे ते बोटाने दाखवून म्हणाले, ‘‘डावा पाय कधी दुखावला होता का? तुम्ही त्याच्यावर भार कमी देता.’’ बारा वर्षांपूर्वी माझा डावा घोटा मोडला होता. त्यानंतर मी अनेक दुकानांत अनेक जोड्या घेतल्या, आणि हे मला कुणीही सांगितले नाही. घडवणारा आणि पाय समोरासमोर आले, तरच हे ज्ञान कामी येते. म्हणून ‘आता सगळे ऑनलाईन विकता येते, दुकान हवेच कशाला’ हे म्हणणे मला पटत नाही. मोबाइलवरच्या चित्रातून नंबर कळतो, पाय कळत नाही. चपलेला तेल कधी पाजायचे, पावसात ती का घालायची नाही, पट्टा सैल झाला तर वादी कुठून ओढायची, हे सांगणारा माणूस जिथे बसतो, ते दुकान. आणि ज्याला रोज दहा पाय दिसतात, त्यालाच अकराव्या पायासाठी नवे काही सुचते.

मग कोल्हापूरसारख्या शहरात हे दुकान नाही याचे नवल वाटते, कारण या शहराची सारी कीर्ती हाताने काम करणाऱ्यांनी उभी केलेली आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले. सुतारकाम, मूर्तिकाम, नाटकांचे पडदे रंगवणे यांतून त्यांचा हात तयार झाला, आणि त्याच हाताने त्यांनी कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या माणसांनी १९२९ मध्ये याच गावात प्रभातची स्थापना केली. गुजरीत साज घडतो, हुपरीत चांदी घडते, खासबागेच्या आखाड्यात पैलवान घडतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा शहर रस्त्यावर येऊन रडले, आणि ते जसेच्या तसे पुन्हा उभे राहावे हा आग्रह कुणाला शिकवावा लागला नाही. या शहराला कला कळते. म्हणूनच विचारावेसे वाटते, की गायकाला दरबार, नटाला नाट्यगृह आणि मल्लाला आखाडा देणाऱ्या नगरीने चपलेच्या कलावंताला आजवर काय दिले?

युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात २०१५ मध्ये जयपूर आणि २०२१ मध्ये श्रीनगर हस्तकलेसाठी गेले, २०१९ मध्ये मुंबई चित्रपटासाठी गेली. कोल्हापूरनेही तिथे जावे असे पुष्कळांना वाटते, आणि ते जावेही. परंतु शहर सर्जनशील आहे की नाही, याची माझी कसोटी सोपी आहे: नवे घडवणाऱ्या माणसाला त्या शहरात भाडे परवडते का, आणि त्याच्या दारावरून लोक जातात का? फ्लॉरेन्सचे उदाहरण यासाठी बघण्यासारखे आहे. दक्षिण इटलीतल्या एका गरीब घरातला साल्वातोरे फेरागामो अमेरिकेत चित्रपटांसाठी जोडे घडवून १९२७ मध्ये मायदेशी परतला आणि हाताने काम करणारे जाणते लोक तिथे मिळतात म्हणून त्याने फ्लॉरेन्स निवडले. १९३३ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. पुढे इटलीवर निर्बंध आले आणि तळव्याच्या कमानीला आधार देणाऱ्या पट्टीसाठी चांगले पोलाद मिळेना, तेव्हा त्याने बुचाची भरीव टाच केली, आणि तिने जगभर जोड्यांचा आकार बदलला. १९३८ मध्ये त्याने शहराच्या मध्यावरचा एक जुना वाडा घेतला. त्याच्या लहानपणी जोडे बनवणे हा तिथेही हलका धंदा मानला जात होता आणि घरच्यांना मुलाने तो करावा असे वाटत नव्हते. धंद्याची पत बदलली ती त्याचे नाव जोड्यावर आले आणि त्याचे दुकान शहराच्या मध्यावर आले म्हणून. कोल्हापूरने फ्लॉरेन्स व्हावे असे मी म्हणत नाही. पण कातडे, हात आणि भाविकांची अखंड वर्दळ या तीनही गोष्टी असलेल्या गावाने चौथी गोष्ट, म्हणजे घडवणाऱ्याच्या नावाचे दुकान, का अडवून धरावी?

इटलीत जे हलकेपण होते, त्याला आपल्याकडे जातीची जोड आहे, आणि हे न बोलता या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. चप्पल घडवणारा चर्मकार समाज वस्तीत राहिला आणि चप्पल बाजारात गेली, यामागे केवळ अर्थकारण नाही. पायातली वस्तू, मेलेल्या जनावराचे कातडे, त्याचा वास, या सर्वांवरून ज्या समाजाला गावाच्या कडेला ठेवले गेले, त्याच्या हातची वस्तू मिरवायला गावाला कधी संकोच वाटला नाही. लग्नात नवरदेवाच्या पायांत कोल्हापुरी हवीच असते. ती घडवणाऱ्याच्या घरी जेवायला किती जण गेले असतील?

याच शहराने यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वी करून दाखवला होता, आणि तो उपाय म्हणजे एक दुकानच होते. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाणी शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी नुसती कानउघाडणी करून विषय मिटवला नाही. त्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले, आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढल्यावर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत राहिले, बरोबरच्यांनाही घ्यायला लावत राहिले. ही हकिकत कोल्हापुरात सर्वांना पाठ आहे. माझ्या मते त्यातली खरी मर्मज्ञता जागेच्या निवडीत आहे. हॉटेल वस्तीत निघाले असते, तर ते वस्तीपुरते राहिले असते. ते भर रस्त्यावर, ज्याच्यावरून सर्व जातींचे लोक जातात तिथे निघाले, आणि पाटीवर मालकाचे नाव नसले तरी गल्ल्यावर मालक बसलेला सर्वांना दिसत होता. मान नुसत्या घोषणेने मिळत नाही, तो रस्त्याकडे तोंड असलेल्या चार भिंतींनीही मिळतो, हे त्या राजाला कळले होते. १८९५ मध्ये गुळासाठी शाहूपुरी वसवतानाही त्यांना हेच कळले होते, की मालाला बाजारपेठ हवी असेल तर ती राज्याने आखून द्यावी लागते.

आज तशी संधी पुन्हा आली आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासासाठी सुमारे १,४४५ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली. मंदिराभोवतालचा शहराचा गाभा त्यातून नव्याने आखला जाईल, जुनी बांधकामे जातील, नवे रस्ते आणि नवे गाळे होतील. माझी मागणी या आराखड्यापुरती अगदी ठोस आहे. त्या नव्या गाळ्यांतले काही गाळे घडवणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत, आणि ते लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला देऊ नयेत, कारण लिलावात रापी कधीच जिंकत नाही. अट अशी असावी, की गाळ्यात पुढे विक्री आणि मागे किंवा पुढेच काम चालले पाहिजे. ज्याच्या नावे गाळा, तो किंवा त्याच्या घरची माणसे तिथे बसून चप्पल घडवताना लोकांना दिसली पाहिजेत. आणि पोटभाडेकरू ठेवला तर गाळा परत गेला पाहिजे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. राखीव गाळे दोन वर्षांत कागदावर एकाचे आणि प्रत्यक्षात दुसऱ्याचे होतात, हे आपण सगळ्याच शहरांत पाहिले आहे. घरात वेणी घालणाऱ्या बाईचे नाव गाळ्याच्या कागदावर बरोबरीने असावे, हेही मी जोडतो.

यावर आक्षेप येईल, की चप्पल ही साऱ्या समाजाची परंपरा आहे, तिच्यावर एकेकट्याचे नाव कशाला? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. या कलेत शेजारच्याने शेजाऱ्याकडून घेतले, सासऱ्याने जावयाला दिले, आणि म्हणूनच ती टिकली. उद्या प्रत्येकाने आपापल्या वेणीवर कुंपण घातले, तर ती देवाणघेवाण आटेल. पण संगीतातले घराणे कसे चालते? राग सर्वांचा असतो, तालीम गुरूची असते, आणि मैफलीत नाव गाणाऱ्याचे घेतले जाते. शाहू महाराजांच्या दरबारातल्या अल्लादिया खाँसाहेबांचे नाव आपण घेतो, म्हणून जयपूर-अत्रौली गायकी कुणा एकट्याची झाली नाही, उलट ती पसरली. चपलेच्या बाबतीत आपण नेमके उलटे केले आहे. राग गातो एक आणि मैफल नावावर लागते ती मांडव घालणाऱ्याच्या.

दुसरा अडथळा कराचा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, आणि त्याच्या वर थेट १८ टक्के आहे. पूर्वीची रेषा हजार रुपयांवर होती, त्या मानाने ही सुधारणाच. तरी तिचा अर्थ असा होतो, की आठवडाभर खपून शिवलेली तीन हजारांची जोडी मॉलमधल्या चकचकीत बुटाइतकीच चैनीची धरली जाते. ज्या दिवशी कारागीर हातच्या कामाचा खरा दाम मागू लागतो, त्याच दिवशी कराची पायरी आडवी येते. हाताने शिवलेल्या, मानांकन असलेल्या पादत्राणांसाठी ही रेषा काढून टाकावी; त्यातून सरकारी तिजोरीला बसणारी झळ नगण्य असेल. कातड्याचा प्रश्नही आहेच. २०१५ च्या राज्य कायद्यानंतर बैलाच्या कातड्याची वाट बंद झाली, म्हशीच्या कातड्याला बंदी नसली तरी ने-आण करणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली, आणि गावोगावच्या कातडी कमावण्याच्या जागा कमी होत गेल्या. पण त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

शासन काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत पादत्राणे बनवणारे आहेत, त्यांना हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीच्या व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. महाराष्ट्राच्या महामंडळाने अस्सल कोल्हापुरीवर क्यूआर कोड लावण्याचे ठरवले, ज्यातून जोडी कुणी आणि कुठे बनवली ते कळावे. हे पाऊल मला मनापासून आवडले, कारण घडवणाऱ्याचे नाव चपलेबरोबर जावे ही कल्पना त्यात पहिल्यांदा आली. मात्र मोबाइलने टिपल्यावर उमटणारे नाव आणि चपलेवर डोळ्यांना दिसणारे नाव यांत अंतर आहे. पहिले नाव शंका असणारा शोधतो. दुसरे नाव चप्पल घालणारा रोज पाहतो, पाहुण्याला दाखवतो, आणि पुढच्या वेळी त्याच नावाच्या दारात जातो. कर्ज, हत्यारे, कोड, प्रशिक्षण हे सगळे त्या दाराशी येऊन मिळाले तर त्याला बळ येईल. दारच नसेल, तर तीन लाखांचे कर्ज घेऊनही माणूस त्याच व्यापाऱ्याला त्याच भावात माल घालत राहील, फक्त आता त्याला हप्ताही असेल.

निरोप घेताना त्या गृहस्थांनी लाकडी खोक्यातून फडक्यात गुंडाळलेला एक पितळी ठसा काढून दाखवला. त्यावर त्यांच्या आडनावाची दोन अक्षरे आणि खाली त्यांच्या आईचे नाव होते, कारण वेणी घालायला त्यांना आईने शिकवले. गुजरीतल्या एका ओळखीच्याकडून तीन वर्षांपूर्वी तो करून घेतला होता. तो त्यांनी गरम केला आणि रापीखालून पडलेल्या कातड्याच्या एका कपच्यावर दाबला. अक्षरे स्वच्छ उमटली. चपलेवर तो अजून एकदाही मारलेला नाही, कारण ठसा असलेली जोडी दुकानात घेत नाहीत. तो कपचा त्यांनी माझ्या हातात दिला, ठसा पुसून पुन्हा फडक्यात बांधला आणि विचारले, ‘‘देवळाजवळ नवे गाळे होणार म्हणतात, त्याचा अर्ज कुठे मिळतो, काही माहीत आहे का?’’